काडी ओढायच्या आधी

(२४ डिसेंबरच्या रात्री वस्तीतल्या विहारात झालेल्या अभ्यासवर्गातलं भाषण. बोलल्याप्रमाणेच छापलं आहे.)



मी पुढारी नाही. वक्ता तर नाहीच नाही. आयुष्य छापखान्यात गेलं. आधी खिळे जुळवले, खिळे मोडीत निघाले तेव्हा ऑफसेटवर उभा राहिलो. त्यामुळं पुस्तक म्हणजे काय ते मला जरा आतल्या बाजूनं माहीत आहे. सोळा पानांचा एक फर्मा, असे पंधरा-वीस फर्मे, शिवण, वर पुठ्ठा. या हातांनी मी पंचांगं जुळवली, सत्यनारायणाच्या पोथ्या जुळवल्या, आणि रात्री मालक गेल्यावर त्याच खिळ्यांनी चळवळीची पत्रकंही जुळवली. म्हणून कुठल्याही छापील कागदाला मी पाया पडत नाही. आणि कुठलाही छापील कागद उगाच फाडतही नाही.

आज दुपारी आपल्या पोरांच्या हातात पोलीस ठाण्याची नोटीस पडली. उद्या २५ डिसेंबर. धार्मिक भावना दुखावतील असं काही करू नका, केलंत तर तुम्हाला जबाबदार धरू. खाली सही, शिक्का. दरवर्षी आपण चौकात मनुस्मृती जाळतो, दरवर्षी हवालदार येऊन चहा पिऊन जातो. यंदा चहाऐवजी कागद आला.

कागद आला आणि इथं तीन तट पडले. संध्याकाळपासून ऐकतोय मी. पहिला तट म्हणतो, यंदा राहू द्या. त्यांच्यातल्या दोघांनी पोलीस भरतीचा फॉर्म भरलाय. गुन्हा नोंदला गेला तर पडताळणीत नाव येणार. आईनं धुणीभांडी करून क्लासची फी भरलीय. हे काही खोटं कारण नाही. दुसरा तट म्हणतो, आता तर जाळायचीच, आणि आपल्या चौकात नाही, नाक्यावरच्या देवळासमोर, ऐन आरतीच्या वेळी. आणि तिसरा एक पोरगा आहे, त्याच्या मोबाइलमध्ये स्वीडनची क्लिप आहे. तो म्हणतो, नुसती मनुस्मृती का? कुराण पण जाळू, बायबल पण जाळू. सगळ्यांचं जाळलं की आपल्याला कोणी पक्षपाती म्हणणार नाही.

तिघांनाही मी उत्तर देणार आहे. पण आधी महाडला जाऊन येऊ. आपण महाडचं नाव उठता बसता घेतो, पण महाडला काय काय झालं ते धड सांगता येत नाही. जाळणं आपण महाडकडून शिकलो म्हणतो ना, मग ते नीट शिकलो का ते बघू.

१९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बोल्यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर. २० मार्च १९२७ ला आपली माणसं तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. झालं! हे आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी आवई उठवली गेली, आणि परतणाऱ्या, भाकरी खात बसलेल्या माणसांना काठ्यांनी झोडपलं. मग तळ्यात शेण-गोमूत्र ओतून तळं शुद्ध केलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपला ठराव मागं घेतला. डिसेंबरात सनातन्यांनी कोर्टात दावा लावला की तळं आमच्या मालकीचं, आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला.

हे सगळं झाल्यावर डिसेंबरची परिषद भरते. जागा द्यायला महाडात कोणी हिंदू तयार नाही. जागा देतो फत्तेखान नावाचा मुसलमान. हे नाव लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

२५ तारखेच्या रात्री नऊच्या सुमाराला, मंडपासमोर खणलेल्या वेदीत चंदनाची लाकडं रचून मनुस्मृती जाळली. पण कोणीतरी उठला आणि काडी ओढली, असं झालं नाही. ठराव मांडला गेला. मांडला गंगाधर निळकंठ सहस्रबुद्धे यांनी, जन्मानं ब्राह्मण. अनुमोदन दिलं राजभोजांनी. भाषणं झाली. मग अग्नी.

आणि दोनच दिवसांनी त्याच परिषदेनं काय केलं ठाऊक आहे? कोर्टाचा मनाई हुकूम आहे म्हणून तळ्यावरचा सत्याग्रह पुढं ढकलला. हजारो माणसं तुरुंगात जायच्या तयारीनं आली होती, आणि बाबासाहेबांनी त्यांना थांबवलं. कोर्टाचा कागद मानला, आणि मनूचा कागद जाळला. यात विसंगती आहे असं ज्यांना वाटतं त्यांना महाड कळलेलंच नाही. कोर्टाच्या कागदाविरुद्ध कोर्टातच लढता येतं. आपण लढलो, आणि १७ मार्च १९३७ ला हायकोर्टात जिंकलो. दहा वर्षं लागली. मनूच्या कागदाविरुद्ध लढायला कुठलं कोर्ट होतं? अपील कुठं करायचं? ज्या कायद्यात तुम्हाला साक्षीला उभं राहण्याची मुभा नाही, त्याच्याविरुद्ध बोलायची एकच भाषा उरते.

काही शहाणी माणसं तेव्हाही म्हणाली, मनुस्मृती आता पाळतो कोण? जुनं बाड आहे, मेलेल्याला कशाला मारता? बाबासाहेबांनी 'बहिष्कृत भारता'त त्याला चोख उत्तर दिलं. मेलं असेल तर जाळलं म्हणून तुमच्या पोटात का दुखतं? आणि दुसरं उत्तर त्याहून झोंबणारं. गांधीजींनी विलायती कापडाची होळी केली तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्यात. १९२१ साली इथंच परळला ढीग पेटला होता. तेव्हा कोणी विचारलं नाही की कापड जाळून स्वराज्य कसं मिळणार. परक्या सत्तेची खूण जाळली तर देशभक्ती, आणि घरातल्या सत्तेची खूण जाळली तर भावना दुखावल्या?

आणि मेलं म्हणता? १९८९ साली जयपूरला राजस्थान हायकोर्टाच्या आवारात मनूचा पुतळा बसवला. न्यायाच्या दारात! ऑक्टोबर २०१८ मध्ये इथून, औरंगाबादेहून गेलेल्या दोन बायांनी त्याला काळं फासलं. अटक झाली ती बायांना. मेलेला मनू अजून माणसं आत टाकू शकतो.

आता कायद्याचं बोलू. नोटीस कायद्याची भाषा बोलते, तेव्हा ती भाषा आपल्यालाही आली पाहिजे.

दंडविधानातलं २९५ कलम जुनं, १८६० चं. कोणाची पवित्र मानलेली वस्तू त्या लोकांचा अपमान करण्याच्या हेतूनं फोडली, विटाळली, तर शिक्षा. १९२४ साली लाहोरात पैगंबरांवर एक चोपडं निघालं, त्यावर खटला झाला, मे १९२७ मध्ये हायकोर्टानं प्रकाशकाला सोडलं, आणि एवढा गदारोळ उठला की इंग्रज सरकारनं सप्टेंबर १९२७ मध्ये नवं कलम घातलं: २९५ अ. मुद्दाम आणि दुष्ट हेतूनं धर्माचा वा धर्मभावनेचा अपमान केला तर शिक्षा. तारखा जुळवा. सप्टेंबरात सरकारनं धर्मभावनेभोवती कुंपण घातलं, डिसेंबरात महाडला मनुस्मृती पेटली. आज त्या कलमांचे नंबर बदललेत. १ जुलै २०२४ पासून ती न्याय संहितेची २९८ आणि २९९ झाली. माल तोच, फक्त वेष्टन नवं.

घटनेचं १९ वं कलम आपल्याला बोलायचं स्वातंत्र्य देतं, आणि ते कशाकशापायी आवळता येईल त्याची यादीही देतं. देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, बदनामी वगैरे. त्या यादीत धर्माचा अपमान हा शब्द नाही. शोधून बघा. पण १९५७ साली सुप्रीम कोर्टापुढं २९५ अ आलं तेव्हा कोर्टानं ते सार्वजनिक सुव्यवस्थेच्या दारातून आत घेतलं. खटला कोणाचा होता? 'गौरक्षक' नावाच्या मासिकाच्या संपादकाचा! पुढच्याच वर्षी पेरियारांचं प्रकरण आलं. त्यांनी १९५३ साली गणपतीची मातीची मूर्ती जाहीर फोडली होती. खालची कोर्टं म्हणाली, बाजारातली मूर्ती, पूजा न झालेली, ती पवित्र कशी? सुप्रीम कोर्ट म्हणालं, वस्तू कितीही क्षुल्लक असो, एखादा वर्ग तिला पवित्र मानत असेल तर ती कलमात बसते. ग्रंथही बसतो. पेरियारांवरचा खटला मात्र, बरीच वर्षं लोटली म्हणून, पुढं चालवला नाही.

म्हणजे कायदा काय विचारतो? भावना दुखावली का, आणि हेतू दुष्ट होता का. कायदा हे विचारत नाही की त्या ग्रंथानं कोणाला किती शतकं दुखावलं. भावना फक्त भक्ताला असते. ज्याच्या जिभेबद्दल श्लोक लिहिला त्याला भावना नाही. आणि २९५ अ खाली खटला चालवायला सरकारची मंजुरी लागते. तेव्हा कोणाची भावना खरी आणि कोणाची खोटी हे शेवटी मंत्रालयात ठरतं. जानेवारी २०२३ मध्ये लखनौला रामचरितमानसातल्या शूद्रांना आणि बायांना हिणवणाऱ्या मजकुराच्या निषेधात पानांच्या प्रती जाळल्या, तर दोघांवर थेट राष्ट्रीय सुरक्षा कायदा लावला. डिसेंबर २०२४ मध्ये बनारसला मनुस्मृतीवरून विद्यार्थी आत गेले. पोथीमुळं राष्ट्राची सुरक्षा धोक्यात येते. विहिरीवर पोराला मारून टाकतात तेव्हा येत नाही.

म्हणून पहिल्या तटाला मी सांगतो: भीती खोटी नाही, पण नोटीस म्हणजे बंदी नाही. ज्यांचे फॉर्म भरलेत त्यांनी उद्या पुढं येऊ नये, घरी बसून अभ्यास करावा. कोणी त्यांना गद्दार म्हणायचं नाही. आपला एक पोरगा फौजदार होणं हेही मनूच्या पोटात दुखणारंच आहे. काडी ओढायला आम्ही म्हातारे आहोत. आमची पडताळणी आता फक्त स्मशानात व्हायची राहिलीय.

आता तिसऱ्या पोराकडं येतो, स्वीडनवाल्याकडं. बाळा, तू क्लिप पाहिलीस, पण क्लिपच्या कडेला काय होतं ते पाहिलंस का?

२८ जून २०२३. स्टॉकहोमची मशीद. बकरी ईदचा दिवस. इराकमधून निर्वासित म्हणून आलेल्या एका माणसानं मशिदीसमोर कुराणाची पानं जाळली. पोलिसांनी परवानगी दिली होती, कारण स्वीडननं ईश्वरनिंदेचा गुन्हा १९७० मध्येच रद्द केलाय. जगभर गदारोळ झाला. १२ जुलैला संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत निषेधाचा ठराव आला, २८ विरुद्ध १२ मतांनी पास झाला. भारतानं ठरावाच्या बाजूनं मत दिलं. शेजारच्या डेन्मार्कनं ईश्वरनिंदेचं कलम २०१७ मध्ये काढलं होतं, त्यानं डिसेंबर २०२३ मध्ये नवा कायदा केला: धर्मग्रंथाची जाहीर विटंबना केली तर दोन वर्षांपर्यंत कैद. आणि तो जाळणारा माणूस? २९ जानेवारी २०२५ ला त्याला गोळ्या घालून मारलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या खटल्याचा निकाल होता. काही दिवसांनी त्याच्या साथीदाराला कोर्टानं दोषी ठरवलं, ते एका जनसमूहाविरुद्ध द्वेष पसरवल्याबद्दल.

त्या माणसाला मारणाऱ्याचं समर्थन मी करणार नाही. कागद जाळणाऱ्याला जो माणूस जाळतो, तो त्या कागदाचाही मित्र नाही. डेन्मार्कच्या कायद्यालाही मी टाळी वाजवणार नाही, कारण तो कायदा १९२७ साली महाडला असता तर सहस्रबुद्धे, राजभोज, बाबासाहेब, सगळे आत गेले असते. कायद्याला ग्रंथ दिसतो, ग्रंथाखाली चिरडलेला माणूस दिसत नाही. हे हत्यार आज मुसलमानाच्या नावानं घडवाल, उद्या ते आपल्याच पाठीत बसेल.

पण तुरुंग नको म्हणणं वेगळं आणि तसंच करू म्हणणं वेगळं. ईदच्या दिवशी मशिदीच्या दारात कुराण जाळलं, तेव्हा आत नमाज पढायला कोण आलं होतं? कोणी टॅक्सी चालवणारा, कोणी इस्पितळात फरशी पुसणारा, कोणी युद्धातून पळून आलेला. त्या देशात कुराणाचं राज्य नाही. तेहरानमध्ये एखादी बाई डोक्यावरचं फडकं जाळते तेव्हा ती सत्तेला जाळत असते, जीव मुठीत धरून. स्टॉकहोमच्या मशिदीसमोर तोच जाळ दुबळ्याच्या तोंडावर जातो. काडी तीच. वारा कुठं वाहतोय ते बघावं लागतं.

मी एक साधी खूण सांगतो. जाळून झाल्यावर, त्या रात्री कोणाला दाराची कडी लावून बसावं लागतं? महाडला मनुस्मृती जळली त्या रात्री एकाही ब्राह्मणाच्या घरावर दगड पडला नाही. एकाही बाईला पोरं पोटाशी धरून बसावं लागलं नाही. कडी लावून बसायची पाळी त्याआधी मार्चमध्ये आली होती, ती आपल्याच माणसांवर. उद्या तू इथं कुराण जाळलंस तर पलीकडच्या गल्लीतल्या मोहल्ल्यात कड्या लागतील. आणि तुझ्या खांद्यावर हात टाकून शाबास म्हणायला कोण येईल, ते मी सांगायला नको. फत्तेखानाच्या जागेवर उभं राहून आपण मनुस्मृती जाळली, आणि आता त्याच्याच धर्मभावाच्या दारात काडी ओढायची? निःपक्षपाती दिसण्यासाठी?

मागून कोणीतरी म्हणालं, मग आपलं काय, परभणीचं काय. बरं झालं विचारलं. हा प्रश्न टाळून भाषण करणारा लबाड.

आपल्यालाही पवित्र आहे. कशाला नाकारायचं? ११ जुलै १९९७. रमाबाई नगर. बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार. लोक रस्त्यावर आले आणि पोलिसांच्या गोळ्यांनी दहा माणसं गेली. १० डिसेंबर २०२४. परभणीत पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची मोडतोड. बंद, दगडफेक, घराघरांत शिरून धरपकड, आणि कोठडीत गेलेला आपला एक पोरगा, कायदा शिकणारा, जिवंत परत आला नाही. अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीनं कलम आलंय: अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना पवित्र वा आदरणीय असलेली वस्तू फोडली, विटाळली तर गुन्हा. आपण ते कलम वापरतो. मग आपण दोन तोंडांनी बोलतो का? त्यांचा ग्रंथ जाळला तर आविष्कारस्वातंत्र्य, आपलं संविधान फोडलं तर अत्याचार?

याचं उत्तर मला एका दिवसात सापडलं नाही. बाबासाहेब स्वतः १९५३ साली राज्यसभेत म्हणाले होते की ही घटना जाळायला मीच पहिला पुढं होईन. पेरियारांनी १९५७ साली घटनेतली पानं जाळायची चळवळ केली आणि हजारो माणसं तुरुंगात गेली. का जाळली? घटनेनं जात पुरती मोडली नाही म्हणून. ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्लीत जंतरमंतरवर घटनेची प्रत जाळली गेली, ती आरक्षणाच्या आणि बाबासाहेबांच्या विरुद्ध घोषणा देत. ग्रंथ तोच, जाळणंही तेच. पहिल्या जाळात आणखी हक्क मागितला होता. दुसऱ्यात मिळालेला हक्क काढून घ्यायचा होता, आणि तो कोणाचा ते नाव घेऊन सांगितलं होतं. वस्तीतला पुतळा फोडतात तेव्हा दगड पुतळ्याला लागतो, पण निरोप आपल्याला असतो: पुतळ्याचं हे केलं, तुमचंही करू. त्या रात्री कडी आपल्या दाराला लागते. म्हणून ती तक्रार पुतळ्याच्या पावित्र्याची नाही, माणसाच्या जिवाची आहे. आपणही कोर्टात हेच सांगायला शिकलं पाहिजे. आमच्या देवाचा अपमान झाला असं म्हटलं की आपण त्यांच्याच रांगेत जाऊन उभे राहतो.

आणि जेव्हा जिवाची भीती नसते, नुसता अपमान असतो, तेव्हा? तेव्हा सोसावं लागतं, आणि उत्तर छापावं लागतं. १९८७ साली महाराष्ट्र सरकारनं बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड काढला, 'रिडल्स'. राम आणि कृष्णावरच्या प्रकरणानं बोंब उठली. त्यांनी प्रती जाळल्या. १९८८ च्या फेब्रुवारीत मुंबईत आपला मोर्चा निघाला, लाखोंचा. मी त्यात होतो, छापखान्यातून खाडा करून. मोर्चा गेल्यावर हुतात्मा चौक धुऊन 'शुद्ध' केला गेला. महाडच्या तळ्यानंतर साठ वर्षांनी! पण आपली मागणी काय होती ते आठवा. जाळणाऱ्यांना फाशी द्या अशी नव्हती. मजकूर गाळू नका, छापा, ही होती. ते म्हणत होते परिशिष्ट काढा. आपण म्हणत होतो राहू द्या. शेवटी ते राहिलं, खाली सरकारची टीप आली की या मतांशी शासन सहमत नाही. असू दे. टीप बारीक टाइपात असते.

हा फरक मला कंपोझिटर म्हणून कळतो. महाडला जळली ती बाजारातली एक प्रत. मनुस्मृती तेव्हाही विकत मिळत होती, आजही मिळते. पुढं बाबासाहेबांनी त्याच पुस्तकातले श्लोक पानोपानी उतरवून आपल्या ग्रंथांत त्यांची चिरफाड केली. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या त्या एकुलत्या एक, माणसाच्या हातच्या. १० मे १९३३ ला बर्लिनमध्ये पुस्तकांचे ढीग जाळले, त्यामागं राज्यसत्ता होती, आणि ती पुस्तकं पुन्हा कोणी लिहू नयेत, वाचू नयेत असा बेत होता. ते जाळणारे विद्यार्थीच होते बरं का. तरुण, चुणचुणीत, तुमच्याच वयाचे. स्वतःची प्रत जाळून जो म्हणतो 'मला हे मान्य नाही', तो बोलतोय. दुसऱ्याची प्रत हिसकून जो म्हणतो 'तू हे वाचायचं नाहीस', तो तोंड दाबतोय.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

१९७७ साल. मी एकोणीस वर्षांचा. मुंबईतल्या सभा ऐकून रक्त उकळत होतं. सुट्टीला गावी गेलो. आजी होती. ५६ साली घरातले देव नदीत सोडले तेव्हा तिनंही सोडले, पण अभंगांची एक पोथी लाल फडक्यात बांधून उतरंडीमागं ठेवली होती. पंढरपूरहून आणलेली, चोखोबाचे अभंग असलेली. वाचता येत नव्हतं तिला. नुसती हातात धरायची. मी ती शोधून काढली, तिच्यादेखत चुलीत घातली, वर भाषण केलं. ब्राह्मण्य जाळलं म्हणालो. म्हातारी काही बोलली नाही. भाकरी थापत राहिली. जेवताना म्हणाली, "तुज्या आज्यानं आणली व्हती. इचारायचं तरी व्हतंस रं."

एवढंच. पण आज इतकी वर्षं झाली, ते वाक्य मला सोडवता येत नाही. मी मनूला जाळलं नव्हतं. पायरीबाहेर उभ्या राहिलेल्या चोखोबाला आणि घरातल्या सगळ्यात दुबळ्या माणसाला जाळलं होतं. ती आपणहून देईपर्यंत मला थांबायचं नव्हतं, कारण मला तिला पटवायचं नव्हतं. मला शूर दिसायचं होतं.

म्हणून दुसऱ्या तटाला सांगतो. देवळासमोर, आरतीच्या वेळी नाही. तिथं मनू नसतो. तिथं फुलवाली असते, रिक्षावाला असतो, शेजारची कोणी म्हातारी असते, लाल फडकंवाली. ते दोन पावलं आपल्याकडं येऊ शकणारे लोक आहेत. त्यांच्या तोंडावर धूर सोडलात की ते मनूच्या मांडीवर जाऊन बसतील.

आता उद्याचं. जाळायची. आपल्याच चौकात. प्रत दुकानातून रोख पैसे देऊन आणायची, पावती जपून ठेवायची. आणि जाळायच्या आधी वाचायची. मी इथं पुष्कळांना विचारलं, मनुस्मृतीत काय आहे? दहातले आठ म्हणाले, वेद ऐकला तर कानात शिसं ओता. अरे, ते गौतमाच्या धर्मसूत्रात आहे, मनुस्मृतीत नाही! उद्या टीव्हीवाला विचारील आणि तुमचं हसं होईल. मनुस्मृतीत जे आहे ते पुरेसं आहे. आठवा अध्याय काढा: शूद्रानं द्विजाला शिवी दिली तर जीभ छाटा, बरोबरीनं आसनावर बसला तर डागा. दहावा काढा: शूद्रानं ऐपत असली तरी धन साठवू नये. चांडाळानं गावाबाहेर राहावं, फुटक्या भांड्यात खावं, मेलेल्याचे कपडे घालावे. बायांबद्दल पाचवा आणि नववा बघा. हे श्लोक मागं बसलेल्या पोरींनी मराठीत मोठ्यानं वाचायचे. ठराव मांडायचा, अनुमोदन घ्यायचं. मग काडी. बाजूला पाण्याची बादली.

नोटिशीलाही उत्तर द्यायचं, आज रात्रीच, लेखी. आम्ही कोणाच्या देवाला, प्रार्थनेला, माणसाला हात लावत नाही. एका दंडसंहितेला नकार देतो, जी आमच्यावर लादली होती. तरी गुन्हा नोंदवायचा असेल तर माझं नाव वर घाला, पूर्ण पत्त्यासह. स्पेलिंग नीट लिहा, मी कंपोझिटर आहे, चूक सहन होत नाही.

आणि एक. उद्या कोणी समोर येऊन आपली एखादी चोपडी जाळली, बाबासाहेबांचीच जाळली, आणि आपल्या अंगावर आला नाही, तर कोणी हात उचलायचा नाही. दुसऱ्या दिवशी त्याच पुस्तकाच्या शंभर प्रती त्याच नाक्यावर विकायला बसायचं. विकायला मी बसतो.

जय भीम.